लोकलने एकटी जाणाऱ्या मुलीला काय शिकवावं : कराटे, ज्युदो, बॉक्सिंग की कुस्ती?

पारिजात
नमस्कार मंडळी. लेकीला १४ पूर्ण झाली. जूनपासून ती मुलुंडहून दादरला क्लासला जाणार, आठवड्यातून ४ दिवस, आणि परतताना रात्रीचे साडेआठ होतील. त्याआधी तिला स्वसंरक्षणाचं काहीतरी शिकवायचं आहे. सोसायटीच्या मागच्या हॉलमध्ये कराटे चालतं. ठाण्याला ज्युदो आहे. ऑफिसातल्या एकीने क्राव मागाचं (इस्रायली स्वसंरक्षणाचा प्रकार) दोन दिवसांचं शिबिर सुचवलं. नवऱ्याचं मत बॉक्सिंग. सासरे साताऱ्याकडचे, त्यांचं म्हणणं की कुस्तीच्या तालमीत घाला, बाकी सगळं हातवारे.

पट्टे, पदकं, प्रमाणपत्रं नकोत. उद्या खरंच कुणी हात धरला तर त्यातलं काय कामाला येईल? ज्यांनी स्वतः अंग घासलंय त्यांनी लिहावं. व्हिडिओ पुष्कळ बघून झालेत.

ओस्स_परळ
कराटे. घराच्या मागेच आहे, म्हणजे ती रोज जाईल. कितीही भारी प्रकार असला आणि जायला तास लागत असेल तर पोरं दोन महिन्यांत सोडतात.

जुईली_ज्युदो
वरच्या प्रतिसादातला अंतराचा मुद्दा मान्य. पण मी ११ वर्षं ज्युदो खेळले आहे आणि त्याआधी ३ वर्षं कराटे, म्हणून फरक सांगते. कराटेच्या त्या ३ वर्षांत मला कुणी कधी जीव खाऊन धरलं नव्हतं. समोरची मुलगी हात पुढे करायची, मी ठरलेला अडवा घालायचे, ठरलेला ठोसा हवेत थांबवायचे. ज्युदोत पहिल्याच आठवड्यात माझ्यापेक्षा १२ किलोने जड मुलीने कॉलर धरली आणि सोडेच ना. माझ्या तोपर्यंतच्या सगळ्या युक्त्या संपल्या. त्या दिवशी मला कळलं की धरलेला हात म्हणजे काय असतो.

कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केलं तेव्हा जुन्या जुजुत्सूतले (जपानी झटापटीची विद्या) जीवघेणे डाव बाजूला काढले, कारण ते जोडीदारावर पूर्ण ताकदीने करताच येत नाहीत. जे राहिलं ते मात्र रोज, पूर्ण जोर लावून, विरोध करणाऱ्या माणसावर करता येतं. हीच त्याची खरी कमाई. त्यामुळे प्रकाराच्या नावापेक्षा वर्गात जाऊन एकच बघा: मुली एकमेकींशी खरंच झटतात का?

घाटकोपरचा_निळू
बॉक्सिंगला मत. जूनमध्ये ओल्या फलाटावर चप्पल घालून लाथ मारून दाखवा कुणीतरी.

लालमाती
पारिजातताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर तालीम होती. पहाटे पाचला उठून हौदातली माती खोऱ्याने वर-खाली करायची, तिच्यात ताक, हळद, तेल घालायचं, मग जोर-बैठका आणि मग लढत. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याहून गिरणीत आलेल्या माणसांनी गावची तालीम जशीच्या तशी मुंबईत आणून बसवली होती. १९८२च्या संपानंतर माणसं पांगली, तशी आमची तालीमही ओस पडली. आता तिथे सामान ठेवतात. तिथून जाताना माझा पाय अजून थबकतो.

आता मुद्द्याचं. कुस्तीगीराला कुणी धरलं तर तो घाबरत नाही, कारण धरणं हा त्याचा रोजचा व्यवहार आहे. साध्या माणसाचा हात धरला की तो मागे ओढतो. समोरच्याला तेच हवं असतं. वस्तादांनी आम्हाला उलटं शिकवलं: हात धरला की पायाने आत जा. आत गेलं की त्याची ताकद निम्मी होते, कारण त्याला खेचायला जागाच उरत नाही. मग मनगट त्याच्या अंगठ्याच्या फटीतून काढायचं, कोपर त्याच्या छातीला, आणि सुटायचं. यात ढाक, धोबीपछाड वगैरे मोठं काही नाही. पण हे शंभर वेळा केलं तर सुटतं, वहीत लिहून घेतलं तर सुटत नाही.

जुईली म्हणतात तेच आमचे वस्ताद वेगळ्या शब्दांत म्हणायचे. जोर-बैठकांनी अंग येतं, अक्कल लढतीने येते.

अडचण एकच. आमच्या तालमीत मुली नव्हत्या. आता मुली मॅटवर कुस्ती खेळतात, ऑलिंपिक पदक आणतात. पण मुलुंडजवळ मुलींचा वर्ग मिळेल का ते आधी बघा.

जमिनीवरचा
छान लिहिलंय लालमाती. एक गोष्ट मात्र पटवून घ्यावी लागेल. मी अंधेरीला ६ वर्षं बीजेजे (ब्राझिलियन जुजुत्सू, यात झटापट मुख्यतः जमिनीवर चालते) करतोय आणि आमच्याकडे कुस्तीतून आलेली मुलं असतात. त्यांना खाली पाडणं महाकठीण. पण पडलेच तर सवयीने पालथे होतात, कारण पाठ टेकली की चीत, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. रस्त्यावर पालथं होणं म्हणजे समोरच्याला स्वतःची पाठ आणि मान देणं. आम्ही नेमकं उलट शिकतो: पाठीवर असतानाही पाय मध्ये ठेवायचे, त्याला अंतरावर ठेवायचं, आणि एक हात टेकून उठायचं. मुलीवर हल्ला करणारा बहुतेक वेळा तिला खाली दाबायला बघतो. तिथून कसं उठायचं हे शिकवणारा प्रकार मी तरी पहिला धरीन.

१९९३च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या कलांचे लढवय्ये एकमेकांशी लढतात ती अमेरिकेतली स्पर्धा) वजनगट नव्हते. तिथे बीजेजेच्या सडपातळ अंगाच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं, तेही एकालाही जखमी न करता. तो दाखला जुना झाला तरी शिकण्यासारखा आहे.

जुईली_ज्युदो
बीजेजे घडवणाऱ्या ग्रेसी घराण्याला हे शिकवणारा माएदा हा ज्युदोचाच माणूस होता. आणि १९५१मध्ये किमुरा या ज्युदोकाने ब्राझीलमध्ये जाऊन एलिओ ग्रेसीचा हात ज्या डावात पकडला त्याला तुम्ही लोक आजही किमुराच म्हणता. :)

जमिनीवरचा
म्हणतो, आणि आदराने म्हणतो. पण पालथं होण्याची सवय ज्युदोलाही आहे, हे तुम्ही मान्य कराल.

जुईली_ज्युदो
करते. पंच थांबवेल या भरवशावर आम्ही कासव होऊन बसतो. रस्त्यावर पंच नसतो.

ओस्स_परळ
अहो, पण जमिनीवर लोळायचं म्हणजे फलाटावर? आणि दुसरा कुणी बरोबर असला तर? एकाला पायांत अडकवून ठेवाल, दुसऱ्याचं काय?

जमिनीवरचा
म्हणूनच 'उठायचं' म्हटलं. तिथे राहायचं नाही.

क्राव_रविवार
क्राव मागाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ते सुरू करणारे लिख्टेनफेल्ड हे ब्रातिस्लाव्हाचे, स्वतः बॉक्सर आणि कुस्तीगीर. १९३०च्या दशकात ज्यूंच्या वस्तीवर टोळ्या चालून यायच्या, त्यांना रस्त्यावर तोंड देताना त्यांना कळलं की आखाड्यातलं सगळंच इथे चालत नाही. पुढे इस्रायलच्या सैनिकांना थोड्या दिवसांत शिकवता यावं म्हणून त्यांनी मोजक्या, सरळ हालचाली ठेवल्या. नेम घशावर, जांघेत, डोळ्यांवर. मी दीड वर्ष करतेय. सुटलं की पळा, हे आमच्याकडे प्रत्येक तासाला ऐकवतात. दोन दिवसांच्या शिबिरातून धोका आधी ओळखायची नजर नक्की येते.

लालमाती
नजर येईल. हात नाही येणार. दोन दिवसांत येतो तो हुरूप, आणि हुरुपावर पोरगी नको तिथे उभी राहिली तर वाईट होईल. दीड वर्ष करता आहात ते मात्र उत्तम.

ऑर्थो_सायन
मी हाडांचा डॉक्टर आहे, लढणारा नव्हे. दवाखान्यात जे दिसतं ते सांगतो.

मूठ बांधून कवटीवर मारणाऱ्याची करंगळीमागची हाताची हाडं मोडतात. इतकी नेहमीची गोष्ट आहे की त्या फ्रॅक्चरला बॉक्सरचंच नाव आहे, आणि गंमत म्हणजे चांगल्या बॉक्सरला ते फारसं होत नाही, कारण त्याला पहिल्या दोन गाठींनी मारायला शिकवलेलं असतं आणि हाताला पट्ट्या बांधलेल्या असतात. मुलीला मारायला शिकवायचंच तर तळहाताच्या टाचेने आणि कोपराने. तळहात सहसा मोडत नाही. लोकलच्या गर्दीत हात सरळ करायला जागाही नसते, कोपराला मात्र असते.

दुसरं, मारामारीत माणूस ठोशाने क्वचित मरतो. ठोसा खाऊन मागे पडतो, डोकं फरशीवर आपटतं, त्याने जातो. म्हणून जुईलींच्या ज्युदोला माझं मत. पडताना हनुवटी छातीला लावणं, हाताचा पंजा न टेकता पूर्ण बाहू आपटणं, हे अंगात बसलं तर मारामारी आयुष्यात एकदाही झाली नाही तरी उपयोग आहे. पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यांवरून घसरून मनगट मोडून येणाऱ्या बायका मी दर वर्षी बघतो. त्या सगळ्या हात टेकून पडलेल्या असतात.

आज्जी_गिरगाव
वाचतेय सगळं, फार माहितीपूर्ण. मी १९७९पासून चर्चगेटला नोकरीला होते. आमची विद्या म्हणजे पदराला लावलेली सेफ्टी पिन. पर्स छातीशी, कोपर बाहेर, पिन दोन बोटांत. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली त्या दिवशी डब्यात कुणीतरी पेढे वाटले होते, आणि शेजारची म्हणाली, आज पिन घरी विसरले तरी चालेल. ते वाक्य मी विसरले नाही.

पारिजात, तू विचारलंस ते ठीक, पण काही घडलंय का गं?

ठाणेकर_वकील
कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आधी भारतीय दंड संहितेत कलमं ९६ ते १०६ होती. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत तोच विषय कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करायचा अधिकार आहे. बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा प्रसंगी तो समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. पण बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. तो खाली पडला, धोका संपला, त्यानंतर घातलेली लाथ बचावात बसत नाही. म्हणून 'सुटलं की पळा' हे कायद्यानेही शहाणपणाचं आहे. पळाल्यावर ११२ला फोन, रेल्वेत असाल तर १३९ला. तक्रार नोंदवाच. नोंदवली नाही तर तोच माणूस पुढच्या आठवड्यात त्याच पुलावर असतो.

घाटकोपरचा_निळू
मोबाइलबद्दलही सांगा मुलीला. दारात उभं राहून फोन बघायचा नाही. रुळांच्या कडेला काठी घेऊन उभे असलेले हातावर फटका मारतात, फोन खाली पडतो, आणि माणूस दचकून मागोमाग वाकतो. त्याच्यावर कुठलाच डाव नाही. फोन गेला तर जाऊ दे, दांडा सोडू नको, एवढंच.

पारिजात
आज्जींनी विचारलं म्हणून लिहिते. लिहिणार नव्हते.

फेब्रुवारीत संध्याकाळी सातच्या सुमारास स्टेशनच्या पुलावर, शेवटच्या जिन्याकडे वळताना, एकाने माझा दंड धरला. वर्दळ होती. मला वाटलं ओळखीचं कुणी असेल. वळून बघितलं तर नाही. त्याने भिंतीकडे ओढलं. आणि मी उभी राहिले. मला कॉलेजात असताना सहा महिने शिकवलेलं सगळं डोक्यात होतं, मनगट कसं फिरवायचं ते चित्रासकट आठवत होतं, पण हात हलला नाही. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. खाली निवडलेली भाजी विकणाऱ्या मावशी वर बघून ओरडल्या, "ए! सोड तिला!" तो गेला. दहा सेकंदं झाली असतील फार तर.

मला त्या माणसाची भीती आता वाटत नाही. आवाज आला नाही याचं अजून वाटतं. लेकीच्या बाबतीत ते होऊ नये, म्हणून हा धागा.

आज्जी_गिरगाव
बाळा, त्या मावशींना जाऊन भेट. आणि तू उभी राहिलीस यात तुझी काही चूक नाही, हे आधी मनात लिहून ठेव.

क्राव_रविवार
पारिजात, असं गोठून जाणं शरीर आपणहून करतं, ते ठरवून होत नाही. धडधड वाढते, बोटांची बारीक कामं बंद पडतात, नजर बोगद्यासारखी होते. म्हणून मनगटाच्या बारीक युक्त्या त्या क्षणी सुचल्या तरी होत नाहीत. मोठ्या हालचाली होतात: ढकलणं, कोपर, पाय आपटणं, ओरडणं. आणि त्याही आधी धावपळीत, दमलेल्या अंगाने, कुणीतरी अंगावर येत असताना केलेल्या असल्या तर.

ओस्स_परळ
इतका वेळ मी ऐकून घेतोय, कारण कराटेबद्दल जुईली जे म्हणाल्या ते बऱ्याच वर्गांबद्दल खरं आहे. दर तीन महिन्यांनी फी भरून पट्टा देणारे वर्ग मीही बघितलेत, आणि त्यांच्यावर माझा राग तुमच्यापेक्षा जास्त आहे. मी क्योकुशिन हा कराटेचा प्रकार करतो, तिथे अंगावर पूर्ण जोराने मारतात आणि मारून घेतात. पण आम्ही हाताने चेहऱ्यावर मारत नाही, त्यामुळे चेहरा उघडा ठेवायची वाईट सवय लागते, हेही सांगून टाकतो.

पारिजातताईंच्या प्रश्नाला मात्र कराटेकडे एक उत्तर आहे जे वर कुणीच दिलं नाही. किआई. पोटातून, श्वास सोडत ओरडणं. माझ्या वर्गात आठ वर्षांची लाजरी मुलगी आली की पहिला महिना तिचा आवाज निघत नाही. बाकी मुलं ३० जणांसमोर ओरडतात, ती ओठ हलवते. मी तिला ठोसा शिकवायची घाई करत नाही. आधी आवाज. सहाव्या-सातव्या आठवड्यात एक दिवस तो फुटतो आणि हॉलच्या पत्र्यावर आदळतो, आणि ती स्वतःच दचकते. आवाज हा सुद्धा स्नायू आहे. तो ज्युदोत नाही, बीजेजेत नाही, कुस्तीत शड्डू आहे पण ओरडणं नाही.

जुईली_ज्युदो
हे मला पूर्ण मान्य. आमच्याकडे पंचासमोर गप्प राहायला शिकवतात. ११ वर्षांत मला कुणी ओरडायला सांगितलं नाही. उद्यापासून माझ्या लहान मुलींच्या बॅचमध्ये घेते. शिकवाल का कसं ते?

ओस्स_परळ
या शनिवारी परळला. चहा माझ्याकडे.

८_०४_स्लो
ओरडताना नुसतं 'वाचवा' नको. गर्दीत लोकांना वाटतं नवरा-बायकोचं, भावा-बहिणीचं भांडण असेल. 'मी याला ओळखत नाही, हात सोड!' असं म्हणायचं, आणि एका माणसाकडे बोट दाखवून: 'निळा शर्ट, पोलिसांना बोलवा.' मी डब्यात एकदा तो निळा शर्ट होतो. बोट दाखवलं नसतं तर मी हललो असतो असं मला वाटत नाही.

ऑर्थो_सायन
८_०४_स्लो, +१. अपघातात रक्तस्राव थांबवायला माणूस लागतो तेव्हा आम्हीही असंच एकाला नेमून सांगतो.

अवांतर: चाकू दिसला तर कुठल्याही कलेचा माणूस पळतो. पाकीट, साखळी देऊन टाका. आणि दुर्दैवाने लागलाच तर रुतलेली वस्तू उपसू नका, कडेने घट्ट दाबून धरा.

लालमाती
ओस्स_परळ, शड्डूचं बरोबर पकडलंत. पण शड्डूचा आवाज समोरच्यासाठी नसतोच, स्वतःसाठी असतो. मांडीवर हात पडला की अंगातली थरथर जाते. तुमची ती मुलगी दचकते ना, तेच ते.

पारिजात
(दोन महिन्यांनी)
धागा वर काढतेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय ठरलं ते सांगायला हवं.

लेकीला तीन ठिकाणी नेलं, निर्णय तिच्यावर सोडला. मागच्या हॉलमधल्या कराटेत पाऊण तास रांगेत हवेत ठोसे मारले, कुणी कुणाला हात लावला नाही. तिथे तिचं मन लागलं नाही. बीजेजे आवडलं, पण मुली दोनच होत्या आणि अंधेरी लांब. ठाण्याच्या ज्युदोत पहिल्या दिवशी तिला फक्त पडायला शिकवलं, ४० वेळा. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं तरी आपणहून बॅग भरली. आठवड्यातून ३ दिवस जाते. ज्युदोतून परतताना रोज गच्चीवर जाऊन आम्ही दोघी ओरडतो, ८_०४_स्लोंचं वाक्य जसंच्या तसं. पहिल्या दिवशी माझा आवाज पुन्हा आला नाही. चौथ्या दिवशी आला. खालच्या काकू धावत वर आल्या. आता त्याही येतात.

मावशींना भेटले. त्यांना आठवत नव्हतं. म्हणाल्या, असं रोजच ओरडावं लागतं.

सासऱ्यांनी तिला बाहेरच्या खोलीत गादी टाकून मनगट सोडवायला शिकवलं. लालमातींचं 'पायाने आत जा' त्यांनी वाचलं आणि म्हणाले, हा माणूस खरा तालमीतला.

आता एक मदत हवी. ज्युदोचा तो जाड कोट या पावसात वाळतच नाही. तीन दिवस दमट राहतो, वास येतो. तुम्ही काय करता?

जुईली_ज्युदो
दोन कोट घ्या, एक वापरात, एक दोरीवर. धुतल्यावर पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहा, निम्मं पाणी तिथेच जातं. मग पंख्याखाली, बाह्यांत हँगरऐवजी काठी घालून, म्हणजे काखेत हवा लागते. आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर.

लालमाती
लंगोट बरा. एका तासात वाळतो.